सासरहून आलेली सळई

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरात टीपॉय खिडकीकडे ओढत होते. का ओढत होते ते विचारू नका. नगरहून थोरला बोलत होता. "आई, आत्या गेली. जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि टीपॉय परत होती तिथे आणली. मग पुन्हा खिडकीकडे नेली. शेवटी धाकट्या सुनेने माझा दंड धरला, "आई, बसा हो जरा." बसले. पण बसता बसता हात आपोआप खुर्चीच्या पाठीमागे गेला आणि चाचपून आला, चिठ्ठी चिकटवलेली आहे का ते. जन्माची सवय आहे मला ही. कुठेही टेकायच्या आधी ती वस्तू विकली गेलेली नाही ना, एवढं बघून घ्यायचं. ज्या घरात ही सवय लागली त्या घरातलं माझ्या पिढीचं शेवटचं माणूस आता गेलं, आणि काही आठवडे झाले तरी मला एका जागी बसवत नाही. नात म्हणाली, "आजी, लिहून काढ. निदान तेवढा वेळ तरी बसशील." म्हणून बसले आहे. मध्येच उठले तर समजून घ्या.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, गोदावरी. नगरच्या जुन्या लोकांना ती 'लिलाववाली आत्या' म्हणून आठवेल. कमरेला घट्ट खोचलेला पदर, हातात पितळी मुठीची लोखंडी सळई आणि रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जाणारा आवाज. शेवटची काही वर्षं ती नगरला माझ्या थोरल्याकडे होती. मी तिला शेवटची भेटले ती जायच्या आधी महिनाभर. नव्वदी ओलांडलेली, अंगाची काडी झालेली, पण डोळे अजून भिरभिरते, दारातून कोण आलं, कोण गेलं, सगळ्याची मोजदाद ठेवणारे. मी पलंगाशी बसले आणि हळूच विचारलं, "वन्सं, आता तरी खरं सांगा. त्या दिवशी ज्येष्ठमध खरंच संपला होता का हो?" ती माझ्याकडे बघून मिश्कील हसली. "एक वार..." म्हणाली, लिलावात पुकारतात तशी. मी थांबले. "दोन वार..." म्हणाली. मी कान पुढे केला. आणि ही बाई झोपी गेली! चक्क घोरायला लागली. तिसरा वार राहिला तो राहिलाच. त्या ज्येष्ठमधाची गोष्ट सांगितल्याशिवाय वन्सं कोण होती ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून तीच सांगते.

आमचे सासरे, त्यांना सगळं घर दादा म्हणायचं, लिलाव पुकारायचे. आधी बैलबाजारात सौदे जमवत. पुढे कुणाचं दुकान बुडालं, कुणी गाव सोडून निघालं, की सामान पुकारायला दादांना बोलावणं येई. माल विकला जाईपर्यंत ठेवायचा कुठे? आमच्या घरात. कपाटं, पलंग, लंबकाची घड्याळं, एकदा तर बिनघोड्याची अख्खी बग्गी, सगळं येई आणि जाई. आणि दादांचा कायदा असा, की आलेला माल घरात वापरायचा. वापरातली वस्तू गिऱ्हाइकाला जिवंत वाटते, म्हणत. प्रत्येक वस्तूला खळीने चिकटवलेली चिठ्ठी. सकाळी ज्या आरशात मी कुंकू लावलं तो संध्याकाळी बैलगाडीत आडवा पडून आभाळ दाखवत चाललेला दिसायचा. माझी मंगळागौर ज्या चौरंगावर मांडली त्याच्या पायालाही चिठ्ठी होती, आणि एक गिऱ्हाईक पूजा आटोपायची वाट बघत ओसरीवर सुपारी कातरत बसलं होतं. आरतीला त्यानेही टाळ्या वाजवल्या. लवकर आटपावी म्हणून असेल.

या घरात मी सोळाव्या वर्षी सून होऊन आले. आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात तिथली मी, इंग्रजीच्या तीन इयत्ता शिकलेली, आणि तोरा असा की जणू साहेबाच्या मांडीवर वाढले. नाकाचा शेंडा वर, डोक्यात काडीचाही उजेड नाही. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी दोन पोळ्या जास्त खायला घालीन आणि मग तिचे कान उपटीन. वन्सं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिचं सासर राहात्याकडे. पाटाचं पाणी, ऊस, गुऱ्हाळ, कशाला कमी नाही. पण मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरी केली. वन्सं दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही, आणि न्यायलाही कुणी आलं नाही. घरात ती कधी टेकलेली मी पाहिली नाही. उभ्यानेच चहा, उभ्यानेच भाजी निवडणं. मी एकदा म्हटलं, "वन्सं, बसा की घडीभर." तर म्हणाली, "नको गं कमळे. बसले की कुणीतरी चिठ्ठी लावेल."

आणि त्या उन्हाळ्यात चिठ्ठी लागलीच. सासरहून निरोप आला, धाकटीला जुळं झालंय, थोरलीला न्यायला येतो. वन्संनं तो निरोप ऐकला आणि हातातली परात इकडची तिकडे ठेवली, तिकडची इकडे. मग मला म्हणाली, "बायको नको आहे त्यांना. दोन हात हवेत. दुपटी धुवायला आणि गुऱ्हाळावरच्या गड्यांच्या भाकरी थापायला." पण दादांनी हो म्हणून कळवलं होतं. दादा दुष्ट नव्हते. नांदती मुलगी घरी बसलेली, चार लोक विचारतात, धाकट्या बहिणी उजवायच्या, अशी सगळी उत्तरं त्यांच्याजवळ होती. आणि दादांचा शब्द म्हणजे तीन वार झालेला माल. तो परत आलेला कुणी पाहिला नव्हता. न्यायला यायचा दिवसही ठरला, आणि तो पडला नेमका कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, एका साहेबाच्या बंगल्याच्या लिलावाच्या शेवटच्या दिवशी. पाहुणे म्हणाले, हरकत नाही, परस्पर तिथूनच नेऊ.

ते वर्षच निघायचं होतं. गोरे चालले होते. भिंगारच्या बाजूला कॅम्पात एकेका बंगल्यापुढे पेट्यांना खिळे ठोकल्याचे आवाज. त्यातल्या एका निवृत्त मेजरसाहेबाच्या बंगल्याचं काम दादांना मिळालं. म्हातारा-म्हातारी दोघंच. सामान मात्र पिढ्यांचं, त्याच्या आजोबांनी बोटीतून आणलेलं. पहिला दिवस चांदीचा, दुसरा लाकडी सामानाचा, आणि शेवटचा चुलीच्या सामानाचा आणि चित्रांचा. मांडामांडीला घरच्या बायका लागत, म्हणून वन्सं आणि मी बरोबर. साहेबाच्या दिवाणखान्यातली ती भिंतीतली चूल मी जन्मात पहिल्यांदा पाहिली आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं, "दादा, पण ह्याच्यावर तवा कुठे ठेवत असतील?" सगळे हसले. मग अब्रू राखायला मी इंग्रजीच्या तीन इयत्ता पणाला लावल्या आणि मासे खायच्या चांदीच्या सुऱ्या उचलून सांगितलं, ह्या विड्याची पानं कातरायच्या. मेमसाहेब शेजारीच उभी होती. तिला मराठी कळत होतं, हे मला नंतर कळलं.

चांदीत माझा जीव अडकला तो एका किटलीत. पोटाशी वेलबुट्टी, झाकणावर कळी, आणि तोटी अशी वळलेली की हंसाची मान. त्या किटलीच्या पोटात मी माझं तोंड पाहिलं. नाक वांग्याएवढं, कपाळ बोटभर. तरी मला वाटलं, काय देखणी दिसतेय मी! पण वेलबुट्टी बघायला तिथे आलंच होतं कोण? कापड बाजारातले सराफ किटली उपडी करत, बुडाशी टिचकी मारत आणि विचारत, "वजन सांगा, दादा." इतकी देखणी वस्तू आटवून तिची लगड होणार, हे दादांना सोसेना. ते किटली हातात घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले, "अहो, वस्तू बघा! नुसती चांदी नाही ही, वस्तू बघा!" कुणी बघितली नाही. किटली तागडीत गेली, दादांचा अर्धा घसाही तिच्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी टेबलं-कपाटं ओढताना उडालेल्या धुळीने उरलेला अर्धा खाल्ला.

आता दादांच्या घशाची सगळी भिस्त ज्येष्ठमधावर. एक काडी दाढेत धरली की दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा खणखणीत. ज्येष्ठमधाची डबी फडताळात, आणि फडताळ वन्संच्या ताब्यात. शेवटच्या दिवशी सकाळी दादांनी खुणेने डबी मागितली. वन्सं फडताळात डोकं घालून म्हणाली, "संपला, दादा."

"मी आणते की पटकन गांध्याच्या दुकानातून," मी म्हटलं. नको तिथे तत्पर, ही माझी खासियत.

"कुठला गांधी उघडलाय आत्ता? टांगा थांबलाय. चल, मुकाट्याने बस," वन्सं म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी टांग्यात चढूनसुद्धा बसले. वाटेत दगड आला की वन्संच्या कमरेशी काहीतरी खुळखुळायचं. काड्या डबीत खुळखुळतात तसं. की बांगड्या होत्या? मी आजही शपथेवर सांगणार नाही.

ऊन असं की बंगल्याच्या कौलांकडे बघवेना, आणि विकायला काय, तर शेकोटीचं सामान. नगरच्या उन्हाळ्यात! गर्दी झाली होती, पण घेणारी कमी, गंमत बघणारी जास्त. कडुलिंबाखाली एक बैलगाडी येऊन सुटली. वन्संचे सासरे आणि दीर. सासरे उपरण्याने वारा घेत उभे राहिले, दीर गाडीला टेकला. वन्संनं पाहिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा पितळेला चिंच लावायला लागली. दादा खोक्यावर चढले, हात वर केला, तोंड उघडलं... आणि नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, आज खुणंनंच इकनार का काय?" हशा पिकला. व्हरांड्यात साहेबाने घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची आगगाडी होती, उरलं सामान तसंच टाकून जाणं आलं, आणि उभ्या कॅम्पात दादांचं नाव जाणार होतं. दादांचं तोंड राखेसारखं झालं.

तेव्हा वन्संनं हातातली चिंच खाली ठेवली. समोरच्या ढिगातून निखारे सारायची ती लांब सळई उचलली, पदर खोचला, दादांना हाताला धरून खोक्यावरून उतरवलं आणि स्वतः चढली. सळई खोक्यावर आपटली. "ऐका हो मंडळी!" पहिला आवाज चिरकला. कुणीतरी शीळ घातली. तिने पुन्हा सळई आपटली आणि दुसरा आवाज निघाला तो मला ठाऊकच नव्हता. इतके दिवस तो तिने कुठे ठेवला होता कोण जाणे. नगरात तोवर बाईने लिलाव पुकारलेला कुणी पाहिला नव्हता, तोही कॅम्पात, खोक्यावर उभं राहून, पुरुषांच्या घोळक्यात, सासरे समोर असताना. आणि मी काय केलं? मला लाज वाटली! माझ्या नणंदेची अब्रू गेली म्हणून मी हुंदके देत शेजारच्या एका उंच पडद्याआड जाऊन बसले. मोर भरलेला, लाकडी चौकटीचा, चुलीची धग अंगावर येऊ नये म्हणून पुढे ठेवायचा तो पडदा. छान आडोसा मिळाला म्हणून निवांत रडत होते. पुढचा नग तोच होता. वन्संनं तो एका न्हाव्याला विकला, "दुकानात लावा, अर्धी दाढी झालेली माणसं रस्त्यावरून दिसणार नाहीत," असं सांगून. तीन वार झालं, दोन गड्यांनी पडदा उचलला, आणि मी उभ्या लिलावापुढे गुडघ्यात तोंड घालून उकिडवी बसलेली. "ह्यो नग बी संगट हाय का?" कुणीतरी विचारलं. वन्सं वरून म्हणाली, "नाही हो, ती घरची आहे. कमळे, ऊठ आणि चित्रं आण."

चित्रं आणली. मी रडतेय, नाक पुसतेय आणि चित्रं उचलून धरतेय. त्यातलं एक बर्फाचं होतं. पांढरं शेत, पांढरी झाडं, एका घराच्या धुराड्यातून धूर. आमच्याकडे असलं चित्र घेणार कोण? वन्संनं गर्दीतला एक सोडावॉटरवाला हेरला. "शेठ, वैशाखात हे भिंतीला लावा. माणूस बघूनच गारठेल, आणि एकाऐवजी दोन बाटल्या पिईल." बोली चढली. दोन वार झालं आणि वन्सं थांबली. ती व्हरांड्याकडे बघत होती. मेमसाहेब खांबाला धरून उभी होती आणि त्या चित्राकडे बघून तिचे डोळे भरले होते. वन्सं बोलेना. गर्दी चुळबुळायला लागली. मेमसाहेबने हळूच मान हलवली, जाऊ दे म्हणून. मगच वन्संनं तीन वार म्हटलं, आणि तेही हळू. मला वाटलं, ही विसरली की काय. मला काय कळायचं होतं? मी अजून किटलीचं दुःख करत होते.

शेवटी उरलं चुलीचं मुख्य सामान. पितळी कठडा, कोळशाची बालदी, लांब चिमटा, फावडी आणि वन्संच्या हातातली ती सळई, सगळा मिळून एकच नग. हे कोण घेणार? वन्सं म्हणाली, "साहेबाने हे शोभेला ठेवलं होतं. पण लोखंड बघा. गुऱ्हाळाच्या चुलाणात घातलं तरी नातवंडांपर्यंत वाकणार नाही. आणि कठडा तुळशीभोवती लावा." गुऱ्हाळ शब्द निघाला आणि कडुलिंबाखाली उपरण्याचा वारा थांबला. वन्संचे सासरे दोन पावलं पुढे आले. पुढच्या रांगेतल्या एका बागाईतदाराने बोली लावली, तशी सासऱ्यांनी बोट वर केलं. वन्संची पापणी लवली नाही. "राहात्याकडचे पाहुणे बोलले," ती म्हणाली. बागाईतदार वर गेला. सासरे वर गेले. "आबा, आपण ह्यासाटी आलो न्हाई," दीर मागून कुजबुजला. "तू गप रं!" सासरे म्हणाले. आणखी थोडी ओढाताण झाली आणि बागाईतदाराने मान हलवून माघार घेतली.

"एक वार..." वन्सं म्हणाली. "दोन वार..."

आणि थांबली. त्या जागेत सासऱ्यांना आठवलं ते कशाला आले होते. ते मोठ्याने म्हणाले, "बास झालं. आटप आन् उतर खाली. गाडी जुंपायला सांगतो."

सगळी गर्दी वळली. मग कळलं लोकांना, हे कोण आणि ती कोण. मी दादांकडे बघितलं. दादांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मुलीला "उतर" म्हणायला आवाज हवा होता, आणि दिलेला शब्द मागे घ्यायलाही आवाजच हवा होता. आवाज नव्हता. वन्संनं वडिलांकडे एकदा पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"मांडलेल्या मालावरच बोली लागते, मामंजी," ती म्हणाली. "मी मांडलेली नाही."

सळई अजून वरच होती. माझ्या इंग्रजीच्या तीन इयत्तांत त्या वेळी उपयोगी पडेल असा एक शब्दही नव्हता.

"आन् पोरांचं कोन बघनार?" दीर म्हणाला.

"ज्यांची आहेत ते," वन्सं म्हणाली, आणि सळई खाली आणली. "तीन वार!"

सासरे लालबुंद झाले. "आसली चव्हाट्यावर वरडनारी बाई आमाला नगं. ठिवा तुमच्याच घरात," ते दादांना म्हणाले आणि वळले. "माल राहिला, मामंजी," वन्सं मागून म्हणाली. "दोन्ही हातांनी उचला, जड आहे." चार लोकांत बोली लावलेली, सोडता येईना. सून न्यायला आलेली गाडी कोळशाची बालदी, चिमटा, फावडी आणि पितळी कठडा घेऊन राहात्याला गेली. कठडा गाडीतून अर्धा बाहेर आलेला, आणि दगड आला की ठणकन वाजायचा. बराच वेळ ऐकू येत होता.

सळई मात्र वन्संच्या हातातच राहिली. तिच्याच लक्षात नव्हतं. खोक्यावरून उतरली, आणि तेव्हा प्रथमच मी तिला कुठेतरी टेकलेली पाहिली, त्याच खोक्यावर. दादा चालत आले. त्यांनी सळई मागायला हात पुढे केला. वन्संनं मान खाली घालून दिली. मला वाटलं, आता हिच्या पाठीत बसते. दादांनी अंगठा ओला केला, मुठीवरची चिठ्ठी भिजवली, नखाने खरवडून काढली, सगळी, खळीचा डागसुद्धा राहू दिला नाही, आणि सळई तिला परत दिली. आमच्या घरातली बिनचिठ्ठीची ती पहिली वस्तू. म्हणायला ती वन्संच्या सासऱ्यांच्या मालकीची. पण मागायला कुणी आलं नाही. वन्सं पुढे आयुष्यभर सांगायची, "सासरहून मला एवढंच मिळालं. पण भक्कम मिळालं."

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमधाची डबी फडताळात जागच्या जागी. भरलेली. दादांनी एक काडी काढली, डबीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि चघळत बसले. बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं म्हणून, की कसं, ते दादाच जाणोत. पण पुढच्या लिलावाला निघताना टांग्यात त्यांनी आपल्या शेजारची जागा उपरण्याने झटकली, आणि वन्सं तिथे बसली.

पुढे दादा थकले आणि तिने एकटीने काम चालवलं, कितीतरी वर्षं. संस्थानिकांची झुंबरं विकली, बंद पडलेल्या टॉकीजच्या खुर्च्या विकल्या. परत लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, आमचीच तिची. माझी पोरं सकाळी उठत नसली की दारात उभी राहून म्हणायची, "एक वार... दोन वार..." आणि तिसऱ्याला तांब्याभर पाणी. पोरं दोनवर उठायची. एकदा मी विचारलं, इतकी गर्दी, इतका आरडाओरडा, त्यात तुम्हाला कळतं कसं, कोण घेणार ते? ती म्हणाली, "लोकांना वाटतं लिलाव तीन वारावर संपतो. दोन आणि तीनच्या मध्ये संपतो तो. तिथे आपण गप्प बसायचं. माणूस आपोआप खरं बोलतो." म्हणूनच ज्येष्ठमधाचं विचारलं की तिथेच नेऊन मला सोडायची, लबाड! माझ्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला विचारलं, माझे यजमान गेले तेव्हा रडून रडून थकल्यावर विचारलं. प्रत्येक वेळी दोन वार. तिच्या चिवटपणापुढे माझी उत्सुकता काहीच नव्हती, आणि माझी उत्सुकता तर तुम्ही एव्हाना ओळखलीच असेल.

म्हातारपणी सळई तिची काठी झाली. थोरल्याच्या घरी तिच्या खोलीतून फरशीवर दोनदा टक-टक झालं की चहाची वेळ. थोरली सून सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले, आले, आत्या! तिसरं नको!" शेजारपाजारचेही हसायचे. वन्सं तिसरं कधी आपटायची नाही. आपटलं असतं तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक नाही.

दिवसांना, म्हणजे दहाव्या-तेराव्याला, मी नगरला गेले. सगळं आटोपल्यावर थोरला म्हणाला, "आई, आत्याच्या वस्तूंतलं काही हवं असेल तर बघ." खोलीत होतं काय? एक पलंग, एक ट्रंक, खिडकीतली बरणी. कशालाच चिठ्ठी नव्हती, तरी मी पलंगाखाली वाकून पाहून घेतलं. बसवेना म्हणून खोलीत फेऱ्या मारत राहिले. सळई दाराआड उभी होती, मूठ हाताने घासून सोन्यासारखी झालेली. मी उचलायला गेले, तर ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. हातातून सुटली, फरशीवर आपटली. सावरायला गेले तर पुन्हा आपटली.

"आले, आले, आत्या! तिसरं नको..."

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला आणि मधेच थांबला. मी सळई दोन्ही हातांनी धरली, आणि टोक जमिनीला लागून आवाज होऊ नये अशी, सावकाश, दाराआड होती तिथे टेकवून ठेवली.